बी

सुर्ल्याहून केरीला उतरायला पंचवीस मिनिटं लागतात,
मागे कदंब लागली तर वीस.

पहिल्या महिन्यात मी रात्रभर गाडी चार्जला लावायची,
शाळेच्या मागच्या खोलीतून वायर ओढून,
आणि सकाळी शंभर टक्के बघून
उगीचच श्रीमंत वाटायचं.
पण पहिल्याच उतारावर दांडी 'बी'वर ओढली
तर गाडीला आवरायला कोणीच नाही;
नुसतं इंजिन गुरगुरत उठलं,
वामकुक्षीतून उठवलेल्या सासऱ्यासारखं.
मी घाबरून ब्रेक दाबला.
कठड्यावरच्या माकडांनी ते पाहिलं.

होंड्याचा कायतान
(होंडा हे गाव; गाडी दुसऱ्याच कंपनीची)
बॉनेट न उघडताच हसला.
"बाय, पोट भरिल्ल्याक कोण वाडटा?
मातशी भुकेली दवर तिका."

तेव्हापासून ऐंशीवर वायर काढते.
आता उतार हाताला लागतो.
पाय उचलला की आधी एक बारीक घुंऽऽ,
मग मागून कुणी पदर धरल्यासारखी ओढ.
स्टिअरिंगमागची पट्टी एकदा ओढली तर गाडी विचार करते,
दोनदा ओढली तर ऐकते,
तिसरी खेप मी कोपरासारख्या वळणांना राखून ठेवलीय.
श्रावणात रस्ताभर ओली पानं असतात,
तेव्हा एकच.
हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

गेल्या रविवारी बाबा शेजारी होते.
सगुण गावस, बावीस वर्षं खनिजाचा ट्रक,
डिचोलीच्या खाणीपासून जेटीपर्यंत,
दिवसाला सात फेऱ्या.
खाण बंद पडली, ट्रक भंगारात गेला,
उजव्या पायातला ब्रेक मात्र कोणी घेतला नाही.
दर वळणाआधी तो पाय
समोरच्या मॅटवर दाबला जातो
आणि गाडी मंदावते.

तीन-चार वळणं मला वाटलं, योगायोग.
मग लक्षात आलं,
मीच त्यांच्या चपलेकडे बघून
पट्टी ओढत होते.

"जळका वास कसा नाही?"
"ब्रेक लागतच नाहीत बाबा."
"मग एवढा जोर जातो कुठं?"
मी पडद्यावर बोट ठेवलं.
चाकांकडून बॅटरीकडे
हिरवे बाण मुंग्यांसारखे रांगेत चालले होते.

ते बराच वेळ बाणांकडेच बघत राहिले.
डावीकडे दरी होती, धुक्यात अर्धी,
तिकडे पाहिलंही नाही.
मग म्हणाले,
"आम्ही ड्रमवर बादलीनं पाणी ओतायचो.
चर्र व्हायचं. वाफेत क्लीनर दिसायचा नाही."
आणि बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत
काहीतरी मोजू लागले.
बावीस वर्षं, सात फेऱ्या,
मधले पावसाळे वजा.
ओठ हलत होते.
बेरीज कितीवर गेली, मी विचारलं नाही.

केरीच्या तिठ्यावर पडदा म्हणाला: चार किलोमीटर जमा.
"आणि सकाळी चढताना किती खाल्ले?"
हिशोबात माणूस पहिल्यापासून पक्का.
"अकरा."
"म्हणजे सात बुडालेच की."
"बुडालेच."
"हं," म्हणाले, आणि जरा बरं वाटल्यासारखे हसले,
जगात अजून फुकट काही मिळत नाही
याची खात्री पटल्यासारखे.

हॉटेलासमोर गाडी लावली.
मी पर्स शोधत होते.
बाबा उतरून थेट पुढच्या चाकापाशी गेले,
गुडघ्यावर हात टेकत खाली वाकले
आणि तळहात उलटा करून
रिमच्या जवळ नेला,
जसा तापलेल्या पोराच्या कपाळाजवळ नेतात.
थांबले.
मग हात सरळ चाकावरच ठेवला.

गार होतं.

आतून पोरगा ओरडत होता,
पातळभाजी दोन, पाव किती?
मी चार म्हणाले.
बाबा अजून उठले नव्हते.